दबाव आणा, पण लेखी आणा

नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारला एक अहवाल पाठवला. २०१६ साली रिझर्व्ह बँक कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार किरकोळ महागाई चार टक्क्यांवर, फार तर दोन टक्के इकडेतिकडे, राखण्याची जबाबदारी बँकेवर आहे. सलग तीन तिमाह्या महागाई या पट्ट्याबाहेर राहिली, तर असे का झाले, बँक आता काय करणार आणि महागाई कधीपर्यंत ताळ्यावर येईल, हे तिने सरकारला लेखी कळवायचे असते. २०२२च्या पहिल्या तीन तिमाह्यांत महागाई सहा टक्क्यांच्या वरच राहिली आणि कायदा झाल्यापासून पहिल्यांदाच हा खुलासा करण्याची वेळ आली. ३ नोव्हेंबरला पतधोरण समितीची खास बैठक झाली, अहवाल दिल्लीला गेला आणि विषय तिथेच संपला. तो जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले. कायद्यात प्रसिद्धीची तरतूद नाही, असे सरकारने संसदेत सांगितले. ज्या महागाईची झळ देशातल्या प्रत्येक घराला बसली, तिच्याबद्दलचा खुलासा त्या घरांतल्या कोणालाही तेव्हा वाचायला मिळाला नाही. कायद्यावर बोट ठेवले तर दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि गप्प राहण्यात दोघांचीही सोय होती.

मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेचा वाद आपल्याकडे पेटतो तो एखादा गव्हर्नर मुदतीआधी जातो तेव्हा, आणि तो फिरतो माणसांभोवती. कोण ताठ कण्याचा होता, कोण सरकारचा माणूस होता, कोणाला मुदतवाढ मिळाली, कोणाला नाकारली. या सगळ्यात मूळ दुखणे बाजूला राहते. निवडून आलेले सरकार व्याजदराबाबत उदासीन राहील ही अपेक्षाच भाबडी आहे. ते आपले म्हणणे बँकेच्या कानावर घालणार, आग्रह धरणार, प्रसंगी डोळेही वटारणार. आपल्या व्यवस्थेतला दोष असा, की हे सारे घडून गेल्यावर त्याचा कागद उरत नाही. सरकारने नेमके काय सांगितले, बँकेने काय उत्तर दिले, कोणाचे म्हणणे राहिले, हे दहा-वीस वर्षांनी कोणाच्या तरी आठवणींच्या पुस्तकातून कळते. स्वायत्तता टिकवायची तर सरकारचा अंतिम अधिकार काढून घेण्याची गरज नाही. तो अधिकार वापरताना सही करावी लागेल आणि सही केलेला कागद संसदेत ठेवावा लागेल, एवढी सोय केली तरी पुष्कळ काम होईल.

दबावाची भीती मुळात का बाळगायची, हे थोडक्यात सांगायला हवे. व्याजदर कमी केला की कर्ज स्वस्त होते, बांधकाम हलते, शेअर बाजार चढतो आणि हे सुख काही महिन्यांत दिसू लागते. त्यातून महागाई वाढायची असेल, तर ती बऱ्याच उशिरा वाढते. निवडणुकीचे वेळापत्रक आणि महागाईचे वेळापत्रक यांच्यातली ही तफावत जगातल्या प्रत्येक सत्ताधाऱ्याला मोहात पाडते. अलीकडचे ढळढळीत उदाहरण तुर्कस्तानचे. अध्यक्ष एर्दोआन यांनी २०१९ ते २०२१ या काळात तीन गव्हर्नर हटवले. त्यांतल्या नाजी आबाल यांची गच्छंती दर दोन टक्क्यांनी वाढवून १९ टक्क्यांवर नेल्यानंतर दोनच दिवसांत झाली. पुढे महागाई वाढत असतानाच दर उतरत गेले, ते फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेआठ टक्क्यांवर आले. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तिथल्या सरकारी आकड्यांनुसारच महागाई ८५ टक्क्यांवर पोचली होती. मे २०२३ची निवडणूक एर्दोआन जिंकले, मग नवा गव्हर्नर आला आणि मार्च २०२४ पर्यंत तोच दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. भारतात असे काही घडलेले नाही, आणि तुर्कस्तानचे नाव घेऊन आपल्या सरकारला झोडपणे सोपे असले तरी प्रामाणिक नाही. मात्र एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे: एर्दोआन यांनी जे केले ते उघड, आदेश काढून केले. आपली रीत वेगळी आहे, आणि ती आजची नाही.

१९५६ सालच्या नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवले. वरवर पाहता ही करवाढ होती, आणि कर बसवणे हे अर्थमंत्र्याचेच काम. पण बँका ज्या हुंड्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेकडून पैसा उचलत, त्यांच्यावरच हे शुल्क बसले. त्यामुळे कागदावर बँक दर साडेतीन टक्केच राहिला आणि व्यवहारात पैसा जवळजवळ चार टक्क्यांना पडू लागला. म्हणजे दर ठरवण्याचा बँकेचा अधिकार कोणी काढून घेतला नाही, फक्त बाजूच्या दाराने वापरला. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी संचालक मंडळापुढे याला हरकत घेतली. कृष्णम्माचारींनी त्यांच्याशी ज्या भाषेत बोलणे केले त्याबद्दल रामा रावांची तक्रार होतीच. पण पंडित नेहरूंकडे प्रकरण गेले तेव्हा त्यांनीही अर्थमंत्र्यांचीच बाजू घेतली आणि सरकारच्या उद्दिष्टांशी मतभेद आहेत म्हणून बँकेने निराळे धोरण चालवावे हे हास्यास्पद ठरेल, अशा आशयाचे पत्र गव्हर्नरांना लिहिले. जानेवारी १९५७ मध्ये, साडेसात वर्षे पदावर राहिल्यानंतर, रामा रावांनी राजीनामा दिला. आज नेहरूंचे कौतुक किंवा निंदा करणाऱ्या दोन्ही गटांना हा प्रसंग गैरसोयीचा वाटतो. यातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. रिझर्व्ह बँक कायद्याचे सातवे कलम तेव्हाही होते. सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास, गव्हर्नरांशी सल्लामसलत करून, सरकार बँकेला निर्देश देऊ शकते, असे ते म्हणते. नेहरूंना दर वाढवायचाच होता तर त्या कलमाखाली दोन ओळींचा निर्देश पुरला असता. त्याऐवजी मुद्रांक शुल्काचा आडमार्ग घेतला गेला आणि भांडण झाले ते भाषेच्या उर्मटपणावरून.

त्याच दशकातली दुसरी गोष्ट मराठी वाचकाला अधिक टोचावी. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४३ ते १९४९ त्यांनी ते पद सांभाळले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडल्याबद्दल महाराष्ट्र त्यांच्याकडे अभिमानाने पाहतो. ते अर्थमंत्री असतानाच, १९५५ मध्ये, सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. सरकारची बँकेतली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली, की बँकेने आपोआप ॲड-हॉक ट्रेझरी बिले घेऊन ती भरून द्यायची. हेतू रोजच्या चणचणीची सोय लावण्याचा होता. पण मर्यादा कुठेच नव्हती, त्यामुळे सोयीची सवय झाली आणि सरकारने खर्च करायचा, बँकेने नोटा छापायच्या, हा प्रकार चार दशके चालला. संसदेत त्यावर मतदान नाही, बँकेला नकाराचा हक्क नाही. गव्हर्नर म्हणून काम केलेल्या, सचोटीबद्दल कोणाला शंका नसलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडले, यावरून एवढे तरी मान्य व्हावे की चांगला माणूस नेमणे हा या दुखण्यावरचा इलाज नव्हे. खुर्ची बदलली की गरजही बदलते. ही प्रथा थांबली ती कोणाच्या कणखर भाषणाने थांबली नाही. मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना सप्टेंबर १९९४ मध्ये दोन्ही बाजूंनी लेखी करार केला, तीन वर्षांत ॲड-हॉक बिले कमी करत आणली आणि एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. त्यानंतर २००३च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने सरकारी रोखे थेट सरकारकडून विकत घेण्यासही, एप्रिल २००६ पासून, अपवाद वगळता मनाई झाली.

आता अलीकडे येऊ. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी संध्याकाळी साडेपाचला रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाची दिल्लीत बैठक झाली आणि रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी नोटाबंदी जाहीर केली. कायद्याप्रमाणे शिफारस बँकेने करायची आणि निर्णय सरकारने घ्यायचा; कागदोपत्री तसेच झाले. बैठकीचे इतिवृत्त बाहेर यायला मात्र २०१९चा मार्च उजाडावा लागला, तेही माहिती अधिकाराखाली. त्यात असे दिसले की काळा पैसा मुख्यतः रोख स्वरूपात नसून सोने आणि जमीनजुमल्यात आहे, त्यामुळे या उपायाचा त्यावर फारसा परिणाम होणार नाही, असे मत संचालकांनी नोंदवले होते, आणि तरीही प्रस्तावाला संमती दिली होती. पुढे रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के नोटा बँकेकडे परत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णयप्रक्रिया वैध ठरवली, न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळे मत देताना रिझर्व्ह बँकेने या प्रकरणात स्वतंत्रपणे विचार केलेला दिसत नाही, असे म्हटले. नोटाबंदी योग्य की अयोग्य हा वाद इथे उकरायचा नाही. मुद्दा असा, की ज्या संचालकांनी शंका नोंदवली त्यांचे म्हणणे निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी लोकांपुढे असते, तर सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागले असते. सव्वादोन वर्षांनी ते म्हणणे इतिहासाचा भाग झाले होते.

२०१८ साली तर सातवे कलम प्रत्यक्ष कपाटातून बाहेर आले, किंवा येता येता थांबले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने अकरा सरकारी बँकांवर पीसीए म्हणजे त्वरित सुधारणा कारवाईची बंधने घातली होती, थकीत कर्जांबाबत फेब्रुवारी २०१८ मध्ये कडक परिपत्रक काढले होते आणि सरकारला बँकेच्या गंगाजळीतला मोठा वाटा हवा होता. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतल्या ए. डी. श्रॉफ स्मृती व्याख्यानात अर्जेंटिनाचा दाखला दिला. तिथे २०१० साली गंगाजळीतले ६.६ अब्ज डॉलर सरकारला देण्यावरून मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मार्टिन रेद्रादो यांना पायउतार व्हावे लागले होते. जे सरकार मध्यवर्ती बँकेचा मान राखत नाही त्याला बाजाराच्या रोषाला सामोरे जावे लागते, असा आचार्यांचा इशारा होता. त्यावर आर्थिक व्यवहार सचिव सुभाषचंद्र गर्ग यांनी रुपया सावरला, शेअर बाजार चढला, तर मग तो रोष कुठे आहे, अशी ट्विटरवरून चेष्टा केली. सातव्या कलमाचा हवाला देणारी सल्लामसलतीची पत्रे सरकारने बँकेला पाठवल्याच्या बातम्या दरम्यान फुटल्या. ती पत्रे सरकारने प्रसिद्ध केली नाहीत. १० डिसेंबरला गव्हर्नर उर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. आणि ३१ जानेवारी २०१९ रोजी तीन बँका पीसीएतून मोकळ्या झाल्या. त्यांत मुंबईची बँक ऑफ इंडिया होती आणि पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही. कारण असे दिले गेले की या बँकांची स्थिती सुधारली होती. ते खरेही असेल. या बँकांत ज्यांच्या ठेवी आहेत अशा लाखो लोकांनी ते खरे मानायचे की दबावाचा परिणाम समजायचे, हे ठरवायला त्यांच्या हातात काहीच नव्हते. स्वच्छ निर्णयालाही संशयाचा डाग लागतो, हे या गुपचूपपणाचे सर्वात मोठे नुकसान, आणि ते बँकेइतकेच सरकारचेही आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्येही हेच झाले. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी एका जाहीर कार्यक्रमात रिझर्व्ह बँकेने दर कमी करावेत आणि अन्नधान्याच्या किमतींकडे पाहून व्याजदर ठरवण्याचा सिद्धान्तच सदोष आहे, असे मत मांडले. त्याच कार्यक्रमात नंतर बोलताना गव्हर्नर दास यांनी आपण काय ते डिसेंबरच्या पतधोरणात बोलू, असे सांगून विषय टाळला. काही दिवसांतच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही कर्जाचे दर लोकांना जाचक होत असल्याचे म्हटले. डिसेंबरच्या बैठकीत समितीने चार विरुद्ध दोन मतांनी दर साडेसहा टक्क्यांवरच ठेवला. दास यांची मुदत संपली, महसूल सचिव संजय मल्होत्रा गव्हर्नर झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाव टक्क्याची कपात झाली. जूनपर्यंत दर साडेपाचवर आला. दबाव यशस्वी झाला म्हणायचे? महागाईही त्याच काळात झपाट्याने उतरत होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ०.२५ टक्क्यावर आली. त्यामुळे कपात योग्यच होती असे म्हणायला भरपूर आधार आहे. गोयल यांनी मत जाहीरपणे मांडले याबद्दल मला तक्रार नाही, उलट ते बरेच झाले. मात्र मुलाखतीतल्या वाक्याला जबाबदारी चिकटत नाही. दर उतरून पुढे महागाई भडकली असती, तर निर्णय पतधोरण समितीचा होता असे म्हणायला मंत्री मोकळेच होते.

जबाबदारी झटकण्याची ही मुभा कॅनडाने साठ वर्षांपूर्वी संपवली, आणि ती कशी संपली हे आपण बारकाईने वाचण्यासारखे आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर जेम्स कॉइन चढ्या व्याजदराचे धोरण चालवत होते आणि बेकारी वाढत होती. पंतप्रधान डीफेनबेकर यांचे सरकार लोकांना सांगत राहिले की पतधोरण ही बँकेची बाब आहे, सरकारचा त्याच्याशी संबंध नाही. स्वायत्ततेचा आदर म्हणून नव्हे, तर अंगावर येऊ नये म्हणून. अखेर १९६१ मध्ये कॉइन नकोसे झाले, तेव्हा धोरणावर बोलण्याऐवजी बँकेच्या संचालक मंडळाने त्यांचे निवृत्तिवेतन २५ हजार डॉलरपर्यंत वाढवले होते त्याचे निमित्त काढले गेले. गव्हर्नरपद रिक्त झाल्याचे घोषित करणारे विधेयक सरकारने कनिष्ठ सभागृहात मंजूरही करून घेतले. सिनेटने कॉइन यांची बाजू ऐकून ते फेटाळले, आणि आपली इभ्रत राखली गेल्यावर कॉइन यांनी जुलैत राजीनामा दिला. मुद्रांक शुल्काच्या आडून दर बदलणे आणि निवृत्तिवेतनाच्या आडून गव्हर्नर बदलणे, यांत जातकुळी एकच. फरक पुढे पडला. १९६७च्या कायद्याने ठरवले की मतभेद मिटलाच नाही तर अर्थमंत्री बँकेला निर्देश देऊ शकतो. पण तो लेखी हवा, धोरणाबद्दल नेमका हवा, किती मुदतीसाठी ते त्यात हवे, आणि तो राजपत्रात छापून संसदेपुढे ठेवला पाहिजे. त्यानंतरच्या अर्धशतकाहून अधिक काळात, कितीही पक्ष आले-गेले तरी, एकाही अर्थमंत्र्याने हा अधिकार वापरलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९५९च्या कायद्यातही वाद संसदेत मांडण्याची अशीच अट आहे. ब्रिटनमध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांचे खुलाशाचे पत्र आणि अर्थमंत्र्यांचे त्यावरचे उत्तर दोन्ही जाहीर होतात. महागाई लक्ष्यापासून एक टक्क्याहून जास्त ढळली म्हणून असे पहिले पत्र एप्रिल २००७ मध्ये मर्विन किंग यांनी लिहिले. तेव्हा महागाई ३.१ टक्के होती. आपल्याकडे सात टक्क्यांवरचे पत्रही कुलपात राहिले.

लेखी नियम भारतात चालत नाहीत असे कोणी म्हणेल, तर गंगाजळीच्या वादाचे पुढे काय झाले ते पाहावे. २०१८ मध्ये ज्यावरून एवढे रण माजले, त्यावर बिमल जालन समितीने २०१९ मध्ये सूत्र दिले: आकस्मिक जोखमीसाठी ताळेबंदाच्या साडेपाच ते साडेसहा टक्के राखायचे, उरलेले सरकारला द्यायचे. पहिल्याच वर्षी १ लाख ७६ हजार कोटी सरकारकडे गेले आणि बरीच टीका झाली. मात्र त्यानंतर २०२४ मध्ये २ लाख ११ हजार कोटी आणि २०२५ मध्ये २ लाख ६९ हजार कोटी दिले गेले तेव्हा कोणाचा राजीनामा पडला नाही, कोणी कोणावर तुटून पडले नाही. २०२५ मध्ये तर बँकेने पट्टा रुंदावून राखीव प्रमाण साडेसात टक्क्यांपर्यंत वाढवले आणि तरीही विक्रमी रक्कम दिली. सूत्र चांगले की वाईट यावर अर्थतज्ज्ञ वाद घालू शकतात. वाद घालता येतो याचे कारण सूत्र त्यांच्या समोर आहे.

यावर सगळ्यात जोरकस आक्षेप लोकशाहीच्या बाजूने येतो. मतदारांनी निवडलेल्यांनी न निवडलेल्या अधिकाऱ्यांपुढे मान का तुकवावी? प्रश्न रास्त आहे, आणि स्वायत्ततेचे अनेक समर्थक तो उडवून लावतात ते चूकच. महागाईचे लक्ष्य सरकारच ठरवते, सहा जणांच्या पतधोरण समितीत तीन जण सरकार नेमते, गव्हर्नरही सरकारचाच. इतके असूनही शेवटचा शब्द सरकारला हवा असेल तर तो त्याने घ्यावा, सातवे कलम त्यासाठीच आहे. पण लोकशाहीच्या नावाने मागितलेला अधिकार लोकांच्या नजरेआड वापरायचा, हे कोणत्या लोकशाहीत बसते? निर्देश संसदेत मांडला तर विरोधक प्रश्न विचारतील, मंत्र्याला उत्तर द्यावे लागेल, पुढच्या निवडणुकीत हिशेब होईल. आणि बाजार घाबरेल, ही भीती? २०१८च्या शरद ऋतूत बाजाराने फुटलेली पत्रे, भाषणे आणि ट्विट यांवरून अंदाज बांधत दिवस काढले. सही-शिक्क्याचा एक कागद त्याहून जास्त घबराट कशी पसरवणार होता, हे मला समजत नाही.

दुसरा आक्षेप शेतीच्या अंगाने येतो आणि महाराष्ट्रात त्याला वजन आहे. आपल्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ४६ टक्के धरून २०१६ ते २०२५ या काळातले सारे निर्णय झाले. टोमॅटो महागले म्हणून कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याचे कर्ज महाग करून काय साधते? जुलै २०२४च्या आर्थिक पाहणी अहवालानेही लक्ष्यातून अन्नधान्य वगळण्याचा विचार व्हावा असे सुचवले. मला स्वतःला हा विचार धोक्याचा वाटतो. ज्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा किराण्यावर जातो त्याला बाकी महागाई कमी आहे असे सांगण्यात अर्थ नाही, आणि भाजी महागली की मजुरीची मागणीही वाढते. पण विचार चर्चेला घेण्यासारखा आहे हे खरे. लक्ष्य बदलायचे तर दर पाच वर्षांनी बँकेशी सल्लामसलत करून, राजपत्रात अधिसूचना काढून ते बदलता येते. तशी तरतूद कायद्यात आहेच. तो राजमार्ग सोडून मुलाखतींतून समितीला टोचत राहणे कशाला? शिवाय अन्नधान्याची महागाई सरकार व्याजदराविनाही हाताळतेच, आणि त्याची किंमत कोण मोजतो हे नाशिक जिल्ह्याला विचारावे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. लासलगावच्या शेतकऱ्याने पडलेला भाव सोसला तेव्हा महागाईविरोधी धोरणाचाच भार तो उचलत होता. व्याजदराच्या निर्णयामागची कारणे निदान चौदा दिवसांनी प्रसिद्ध होणाऱ्या इतिवृत्तात वाचता येतात, कोणी विरोधात मत दिले तेही समजते. निर्यातबंदीच्या निर्णयात तेवढेही नसते.

रिझर्व्ह बँक स्वतः चुकते, हा आक्षेप मी आक्षेप मानतच नाही. ती चुकतेच. २०२२च्या एप्रिलमध्ये महागाई ७.८ टक्क्यांच्या आसपास गेली आणि रेपो दर तोवर चार टक्क्यांवर होता. पहिली वाढ ४ मे रोजी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर घाईने बोलावलेल्या बैठकीत झाली. उशीर का झाला, युक्रेन युद्धाचा वाटा किती आणि अंदाज चुकल्याचा किती, हे त्या नोव्हेंबरच्या अहवालात असणार. म्हणजे तो दडवण्याने बँकेचीही झाकली मूठ राहिली. सरकारचा दबाव उघडा करा म्हणणाऱ्याने बँकेचे अपयशही उघडे करा म्हटले पाहिजे.

उरते नेमणुकीची बाब. कायदा गव्हर्नरला पाच वर्षांपर्यंत मुदत देऊ देतो, सरकारे बहुधा तीन वर्षेच देतात आणि मुदतवाढ आपल्या हाती ठेवतात. शिवाय कारण न देता पदावरून दूर करण्याची तरतूद अकराव्या कलमात आहेच. गंमत अशी की पतधोरण समितीतल्या बाहेरच्या तीन सदस्यांना चार वर्षांची ठरलेली मुदत आहे आणि पुनर्नियुक्ती नाही, म्हणजे त्यांना कोणाची मर्जी राखण्याचे कारण नाही. ज्याच्या निर्णायक मताने समसमान मते पडल्यावर दर ठरतो, त्या गव्हर्नरालाच ही निर्धास्ती नाकारलेली आहे. अमेरिकेत अध्यक्ष ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल रिझर्व्हच्या लिसा कुक यांना काढल्याचे जाहीर केले तेव्हा कायद्यातल्या ‘सबळ कारण’ या अटीमुळे त्यांना कारण सांगावे लागले आणि कुक यांना न्यायालयात दाद मागता आली. आपल्या गव्हर्नरला न्यायालयात जाऊन म्हणायला कायद्याने शब्दच दिलेला नाही.

कोणते सरकार स्वतःचे हात असे बांधून घेईल, असे व्यवहारी माणूस विचारेल. कॅनडातही सरकारने हे आपण होऊन दिले नव्हते. कॉइन गेल्यावर लुई रॅस्मिन्स्की यांना गव्हर्नरपद देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी पद स्वीकारतानाच आपली भूमिका लिहून जाहीर केली. पतधोरणाची नेहमीची जबाबदारी बँकेची, सरकारला ते पसंत नसेल तर निर्देश देण्याचा हक्क आणि जबाबदारी सरकारची, आणि तो निर्देश मनाला पटला नाही तर गव्हर्नरने बाजूला व्हायचे. ही भूमिका सरकारने मान्य केली. कायदा सहा वर्षांनी, दुसऱ्या पक्षाच्या राजवटीत झाला. नव्या माणसाने होकार देण्याआधीचे ते काही दिवस, सरकारला त्याची गरज असते आणि त्याला सरकारची अजून नसते. भारतातल्या पुढच्या गव्हर्नरने त्या दिवसांत एवढेच मागावे: पाच वर्षांची एकच मुदत, सातव्या कलमाखालचा प्रत्येक निर्देश तीस दिवसांत संसदेपुढे, आणि नोव्हेंबर २०२२चा तो अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर.